पाच थेंब

चौथ्या बरणीत पाच थेंब टाकून ड्रॉपर धुवायचा, एवढंच माझं काम. मी आणखी पाच टाकले. सलग सहावा दिवस. खोटं कशाला बोलू, राहवलं नाही म्हणून टाकले.

मी कमल, पार्से गावची. नदीकाठच्या संशोधन केंद्रात एकवीस वर्षं शिपाई आहे. झाडणं, बरण्या घासणं, आणि दोन वर्षांपासून अश्विनी मॅडमच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, पिल्लांना चारणं. पिल्लं कसली, रव्याचा कणसुद्धा त्यांच्यापुढे मोठा! मायक्रोस्कोपला डोळा लावला की गरगर फिरताना दिसतात. दोन बरण्यांत साधं पाणी, उरलेल्या दोन बरण्यांत कोमट. प्रत्येक जोडीतल्या एकीला शेवाळाचं हिरवं पाणी दहा थेंब, दुसरीला पाच. म्हणजे चौथीच्या वाट्याला उष्माही आणि उपासही. समुद्र तापतोय, भरतीबरोबर आपली नदीही, तापल्या पाण्यात पिल्लांना भूक जास्त लागते आणि नेमकं तेव्हाच खाणं कमी पडतं, असं मॅडमनी मला समजावलं होतं.

आमची आई ओहोटीला गुडघाभर पाण्यात बसून तिसऱ्या काढायची, त्यावर आम्ही चौघं भावंडं वाढलो. आता माझी वहिनी गंगा अख्खी ओहोटी वाळू उपसते आणि मूठभर घेऊन येते. अशा घरातली मी, आणि पगार कसला घेते तर पिल्लांना उपाशी ठेवायचा. हात आपसूक पुढे गेला.

दहाव्या दिवशी मॅडमनी मोजणी केली आणि खुर्चीतून उठल्याच. चौथीतली निम्म्याहून जास्त जिवंत होती. कमी खाण्यावरही ही तग धरतात, आपल्या नदीची काळजी मिटली, असंच अहवालात लिहिते म्हणाल्या. त्या दिवशी चहाही त्यांनीच केला.

मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. काळजी मिटल्याचं कागदावर येणार माझ्यामुळे, आणि गंगा रिकामी पाटी घेऊन घरी येणार. नोकरी जाईल हे दिसत होतं. मॅडमची मेहनत मातीत जाईल हेही दिसत होतं. तरी सांगून टाकलं.

"बाय, चवथ्या बरणीक रोज धा थेंब घातले मी. तांची भूक माका बघवना."

मॅडमनी अहवालाचा कागद बाजूला सारला. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"मावशी," त्या म्हणाल्या, "नदीत वरचे पाच थेंब कोण घालतलो?"

मी ड्रॉपर टेबलावर आणून ठेवला. चारही बरण्या रिकाम्या झाल्या, नवी पिल्लं आली. ड्रॉपर आता दुसऱ्या कुणाकडे जाणार असं धरून चालले होते. मॅडमनी तो माझ्याच हातात ठेवला.

या खेपेला मी पाचच टाकले. रोज मोजून, ओठ दाबून. सातव्या दिवसापासून चौथीतली पिल्लं तळाला बसायला लागली. दहाव्या दिवशी मॅडमनी मलाच बघायला सांगितलं. बाकीच्या तिन्ही बरण्यांत हालचाल होती. चौथीत काहीच फिरत नव्हतं. मी पुन्हा डोळा लावला, पुन्हा पाहिलं.

शून्य मीच लिहिलं. त्याच्या शेजारी मॅडमनी मला सही करायला लावली. एकवीस वर्षांत केंद्राच्या कागदावर माझं नाव पहिल्यांदा आलं. त्या रकान्यावर छापलं होतं, खाणं देणारी व्यक्ती.