बाबांच्या वाटणीचा अंधार

गुम-जाच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. नवऱ्याचं पहिलं वर्षश्राद्ध! सकाळपासून राबून तिने पान मांडलं होतं. मुळ्याचं सार, सुकवलेला मासा, नाशपाती, वाटीभर भात. भातात चमचा उभा रोवला की घरातले दिवे मालवायचे आणि सगळ्यांनी पाठ फिरवायची. गेलेला माणूस अंधारातच जेवतो, कुणी बघत नसताना. त्याचे नऊ घास होईपर्यंत थांबायचं, मग थोरल्याने खाकरायचं आणि सगळ्यांनी वळायचं. एवढं साधं काम.

सांग-ह्योकने फोनवरून दिवे मालवले. मायलेकांनी पाठ फिरवली. दोन घासही झाले नसतील, तोच हॉल भक्कन उजळला.

"अरे, बंद कर!"

त्याने पुन्हा मालवले. पुन्हा लागले.

"आई, तो सेन्सर आहे ना खिडकीपाशी, त्याला अंधार दिसला की..."

"मग त्याला सांग की आज तुझे बाबा जेवायला आलेत!"

"सोपं व्हावं म्हणूनच केलं होतं गं मी. आधी किती भानगडी होत्या! वेळा लावा, हालचाल मोजा. बाबा निवांत बसले की दिवे जायचे. म्हणून सगळं काढून एकच नियम ठेवला. अंधार झाला की दिवे."

"आणि भिंतीवरची बटणं? तीही सोपं व्हावं म्हणूनच उपटलीस?"

बटणांच्या जागी गुळगुळीत पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्या दिसल्या की तिचं डोकं फिरायचं. सांग-ह्योक मान खाली घालून फोन चिवडत होता. नियम बदलायला फोन पासवर्ड मागत होता, आणि तो त्याला आठवत नव्हता. पानावरच्या साराची वाफ विरत चालली होती. जन्मभर ज्याने घाईत गार जेवण गिळलं, त्याला आजही गारच? तिला रडू येईना, नुसता संताप येत होता.

ती तरातरा गेली आणि पलंगाखालच्या डब्यातून नवऱ्याचा छोटा टॉर्च काढून घेऊन आली. त्याला रबरबँड गुंडाळलेलं होतं. टॉर्च लावून तिने तो सेन्सरच्या तोंडावर घट्ट दाबून बसवला, वरून रबरबँड अडकवलं. उजेडाचा थेंबही बाहेर सांडेना.

दिवे विझले.

"हे... हे तुला कुणी शिकवलं?"

"तुझ्या बाबांनी. आजारपणात इथेच निजायचे ना ते? डोळ्यांवर झगझगाट. रोज संध्याकाळी उठून हा टॉर्च बांधायचे, तेव्हा कुठे डोळा लागायचा. तू येणार असलास की सोडून ठेवायचे."

"मला सांगायचं ना, आई!"

"'पोराने हौसेने केलंय, त्याला बोलू नकोस,' म्हणाले. आणि सांगितलं असतं, तर तू आणखी एक यंत्र लावून गेला असतास."

अंधारात त्याने फोन खिशात टाकला.

"आता पाठ फिरव," गुम-जा म्हणाली. "आणि मी सांगेपर्यंत खाकरू नकोस. सावकाश जेवू दे त्यांना."