सगळ्या ओळींत अठरा

शीतगृहातली औषधं नासली आणि ठपका आला देखरेखीवरच्या माणसावर. पाळीभर तो तिथेच बसून होता, आणि संगणकातली नोंद सांगत होती की खोलीचं तापमान सकाळपासून अठरा होतं. हवं होतं चार. "दिवसभर चारच होतं हो," तो म्हणत राहिला, "शेवटी चढलं, तेव्हा लगेच फोन केला मी." पण माणसाच्या जिभेपेक्षा यंत्राच्या ओळीवर विश्वास ठेवायचे दिवस आलेत, त्याला कोण काय करणार!

नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम होता त्याच्या वहिनीचा. ती त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर बसायची. तिनेच शब्द टाकून त्याला नोकरीला चिकटवलं होतं. तिने नोंदी उघडल्या. सगळ्या ओळींत अठरा, दशांशासकट तेच. संगणकाचा वेळ वाचावा म्हणून ओळी साठवायच्या आणि पाळी संपताना एकदम लिहायच्या, अशी सोय तिनेच केली होती. ओळीत आकड्याची जागा मोकळी ठेवलेली, ती भरली जायची लिहिताना, तेव्हाच्या तापमानाने. लिहिताना तापमान होतं अठरा. मग काय, सकाळची ओळही अठराच म्हणाली. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती तडक साहेबांकडे गेली. चूक माझी, माझी, असं पुन्हापुन्हा सांगितलं.

साहेब ऐकून घेणाऱ्यांतले होते, हेच वाईट. "म्हणजे नोंद चुकीची. मान्य. मग खरे आकडे दाखवा."

"ते कुठेच नाहीत, साहेब. लिहिलेच गेले नाहीत."

"मग त्याचं लक्ष होतं हे मी वर कशावरून सांगू? औषधं तर नासलीच ना?"

ती जागेवर परतली. प्रोग्रॅम दुरुस्त करायला तिला दोन मिनिटं पुरली, आणि त्याचाच तिला भयंकर संताप आला.

संध्याकाळी दीर स्वयंपाकघरात स्टुलावर येऊन बसला.

"भाऊजी, तुम्ही खरं बोलत होतात," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत असेल, वहिनी? तुम्ही थोड्याच तिथे होतात?" त्याच्या आवाजात राग नव्हता. "इतक्या जणांनी विचारलं, की आता डोळे मिटले तरी मला अठराच दिसतं. लागली असेल डुलकी. तसं लिहून, सही करून आलो मी."