खिडकीकडची कॉट

एकावन्न वर्षांपूर्वी आलेल्या एका पत्राला नानांनी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र तसं चार ओळींचंच. नाट्यकलेच्या कॉलेजात नेपथ्य शिकायला नाना आणि त्यांचा दोस्त लंबू, दोघांनाही प्रवेश मिळाला होता. लंबू गेला, नाना घरीच घुटमळले. पंधरा दिवसांनी लंबूने लिहिलं : ‘वसतिगृहात तुझ्यासाठी खिडकीकडची कॉट अडवून ठेवली आहे. कुणी बळकावू नये म्हणून तिच्यावर माझी ट्रंक ठेवतो. महिनाअखेरपर्यंत धरून ठेवीन. ये, नाहीतर नाही म्हण, पण कळव.’

नानांनी ना हो कळवलं, ना नाही. पत्र जाड शब्दकोशात सरकवलं आणि महिना संपू दिला. पुढच्याच महिन्यात ते एका मूल्यांकनाच्या कचेरीत चिकटले. कारखान्यांना कर्ज देण्याआधी बँका यंत्रांची किंमत ठरवून घेत. ते काम नानांचं. पंप असो की छपाईचं यंत्र, ते हात लावून, ठोकून, चालवून पाहत आणि मग अहवाल लिहीत. मूळ किंमत किती, आयुष्य किती उरलं, झीज किती, आणि सगळ्यात शेवटी मोडीत काय येईल. पंचेचाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

लंबूवर मात्र ते लक्ष ठेवून होते. त्याने बदललेल्या चार घरांचे पत्ते त्यांच्या वहीत होते, इकडून तिकडून विचारून मिळवलेले. चारही घरं भाड्याची. दर वेळी नवा पत्ता लिहून घेताना नानांना बरं वाटे, आणि मग त्या बरं वाटण्याचीच लाज वाटे.

आणि आता त्यांच्या नातीला त्याच कॉलेजात प्रवेश मिळाला होता.

“नाना, तुमचा जन्म यात गेला,” मुलगा म्हणाला. “हिच्या पदवीची किंमत काढून द्या. खर्च किती, पुढे मिळणार किती. तुम्ही घाट्याची म्हणालात तर विषय बंद. शुक्रवारी फीची शेवटची तारीख आहे.”

“मी काय यंत्र आहे?” नात म्हणाली.

“यंत्र परवडलं. ते उलटून बोलत नाही.”

“आणि तुमच्यासारखं घोरतही नाही!”

बापलेक हसले. नाना हसले नाहीत. इथे एक बाप मुलीच्या हट्टासाठी अहवाल मागवत होता! त्यांच्या वेळी घरात कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. पण अडवलं तरी कुठे होतं? वडील वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले होते, “तुझं तू बघ.” नानांनी काहीच बघितलं नाही. दोष द्यायला एखादा कडक बाप असता तरी सोय झाली असती.

बुधवारी दुपारी नातीने त्यांना हाक मारली. बुटांच्या खोक्यात तिने रंगमंच केला होता. आगकाड्यांचा जिना होता, फाटक्या चादरीचे पडदे होते. खोलीत अंधार करून तिने मागून टॉर्च धरला आणि खोक्यात संध्याकाळ झाली. जिन्याची सावली भिंतीवर अशी पडली, की कुणीतरी आताच तिथून निघून गेलंय असं वाटावं.

नाना खोक्यापाशी वाकले. अठराव्या वर्षी त्यांनीही असं खोकं केलं होतं. त्यांचा जिना हिच्यापेक्षा रेखीव होता, फूटपट्टीने मोजलेला. पण त्या खोक्यात संध्याकाळ कधी झाली नव्हती.

“पायऱ्या फार उंच झाल्यात,” ते म्हणाले.

“मुद्दाम केल्यात. नाटकातल्या बाईला वर जायचंच नाहीये, नाना. तिला तो जिना असाच दिसतो.”

नाना आपल्या खोलीत गेले. हे उत्तर त्यांना सुचलं नसतं. तेव्हाही नाही आणि पुढच्या एकावन्न वर्षांतही नाही. ज्या पोरीला सायकल शिकवताना आपली कंबर मोडली, तिचाच इतका हेवा वाटावा?

त्यांनी टेबलाशी बसून अहवाल लिहायला घेतला. चार वर्षांची फी, राहणं-खाणं, तेवढ्या वर्षांत बुडणारा पगार. पेन सरसर चालत होतं. पदवीचं उपयोगी आयुष्य : दहा वर्षं. अपेक्षित उत्पन्न : अनिश्चित. आधार म्हणून लिहिलं, ‘ओळखीतील एक पदवीधर आजही भाड्याच्या घरात राहतो.’ आणि शेवटच्या रकान्यात, मोडीची किंमत : शून्य.

संध्याकाळी नात चहाचा कप घेऊन आली आणि उभ्याउभ्याच कागद वाचू लागली. शाळेत असताना सुट्टीत ती नानांबरोबर कारखान्यांत हिंडायची. त्यांचे रकाने तिला पाठ होते.

“नाना, तो गंजलेला पंप आठवतो? ज्यात उंदरांनी पिल्लं घातली होती?”

“हं.”

“त्यालासुद्धा तुम्ही पाच टक्के दिले होते. मी विचारलं, तर म्हणालात, आपण शून्य कुणालाच देत नसतो.” तिने कागदावर बोट ठेवलं. “मला शून्य?”

नानांनी चष्मा पुसला.

“आणि हा भाडेकरू कोण? त्याला विचारलंत?”

“नाही.”

“न बघता लिहिलंत? तुम्ही?”

तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं. कप ठेवून ती निघून गेली.

आता सही तेवढी राहिली होती. सहीच्या वर एक ओळ असे. ती त्यांनी हजारो वेळा लिहिली होती. ‘सदर मालमत्तेत माझा कोणताही हितसंबंध नाही.’ नानांनी ‘सदर मालमत्तेत’ एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. चहावर साय धरली. मग त्यांनी कागदाचे चार तुकडे केले, नवा कागद घेतला आणि सगळी आकडेमोड पहिल्यापासून, या वेळी सावकाश, केली.

गुरुवारी सकाळी त्यांनी तो कागद मुलापुढे ठेवला.

“सगळं सुरळीत झालं तर खर्च भरून यायला सतरा वर्षं लागतील. नुसत्या पैशाने पाहिलं तर घेऊ नये अशी वस्तू आहे.”

“म्हणजे घाट्याचीच.”

“घाट्याची. पण काल मी लिहिली होती तितकी नाही. काल मी आकडे वाकवले होते. आणि याच्यावर मी सही करणार नाही. माझा यात हितसंबंध आहे.”

“कसला हितसंबंध?”

“मला तिथे जायचं होतं,” नाना म्हणाले. “जागा मिळाली होती. गेलो नाही.”

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. “हे कधी बोलला नाहीत!”

“कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी बोललो नसतो म्हणा.”

दारात उभ्या असलेल्या नातीकडे मुलगा वळला. “सतरा वर्षं. ऐकलंस?”

“ऐकलं.”

“तरीही?”

“तरीही.”

“घरात कुणाचं ऐकायची पद्धतच नाही,” असं पुटपुटत त्याने फोन काढला आणि फी भरायला घेतली. नात ओरडली, नाचली, आईला बिलगली. नानांनी हसायचा प्रयत्न केला. हेवा होता तिथेच होता. फक्त आता तो लपवायचं कारण उरलं नव्हतं.

दुपारी त्यांनी शब्दकोशातून ते पिवळं पडलेलं पत्र काढून समोर ठेवलं आणि लिहिलं :

‘प्रिय लंबू, तुझं पत्र मिळालं. उत्तर : नाही, मी येत नाही. तेव्हाच कळवायला हवं होतं, कॉट तरी मोकळी झाली असती. माझी नात तुझ्या कॉलेजात येते आहे. ती भेटायला आली तर तिला काय मिळालं, किती मिळालं आणि कुठल्या वर्षी हाल झाले, ते सगळं खरं सांग. मला विचारायचा धीर झाला नाही, तिला होईल. तुझा हेवा वाटत आला. आता तिचाही वाटतो. तुझा—’

खाली सही केली. वहीतला चौथा पत्ता पाकिटावर उतरवला आणि चपला घालून ते कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत गेले. पेटीवरची टपाल काढायची वेळ त्यांनी वाचली, पुन्हा वाचली. मग पाकीट आत सोडलं.