तीनशे बारा नंबरचा गार्ड

बुधवारी जंगल खात्याचा नरसिंग गार्ड जमिनीपासून वीतभर वर, नियमाप्रमाणे तोडला गेला. असो. तसं काही झालंच नाही असं धरून चालू, कारण आपण अजून शनिवारातच आहोत.

साल चौऱ्याहत्तर. आखाडा बाळापूरच्या मागच्या टेकडीवरचं सागाचं जुनं रान तोडीला निघालं होतं. कायदा सोपा होता. झाडाला हातोड्यानं दोन टोले हाणायचे. भरीव वाजलं तर खात्याचा शिक्का आणि नंबर. पोकळ वाजलं तर आत कुणीतरी बिऱ्हाड करून असणार, म्हणून सोडून द्यायचं. पाखरांना घर राहतं, माणसांना दारं मिळतात.

नरसिंगनं तीनशे अकरा झाडं इमानदारीनं वाजवली. तीनशे बारावं रानातलं सगळ्यात म्हातारं होतं, आणि नरसिंगला भूक लागली होती. त्यानं न वाजवताच शिक्का ठोकला आणि त्याच खोडाला पाठ टेकून भाकरी खाल्ली. खाताना पाठीत मागून कुणी दोन टोले दिल्यासारखं झालं. उचकी असेल म्हणून तो पाणी प्याला.

संध्याकाळी अंघोळीला पाठ चोळताना बायको चांगुणाचा हात थांबला. पाठीवर शिक्का होता, खाली ३१२. तिनं हळद चोळून पाहिली, राख चोळून पाहिली.

"अवो, हे वरून न्हाई लागलेलं," ती म्हणाली. "आतून आलंय."

रविवारी तो जळबा मजुराला घेऊन रानात गेला. म्हाताऱ्या सागाची साल कोरी होती. ढोलीतून घुबड बघत होतं. नरसिंगनं पुन्हा शिक्का हाणला. हातोडा आवाज न करता परत आला. मग जळबानं त्याचा सदरा वर करून पाठीत दोन टोले दिले आणि कान लावला.

"भरीव वाजून राहिले, गार्डसाहेब."

"मग?"

"मग काय. तोडीवाले बुधवारी येतेत. ते नंबर पाहतेत. झाड हाय का गार्ड, हे त्यांच्या कामात बसत न्हाई. आत कोनी राहाया आलं तर सुटाल."

म्हणून दिवस मावळताना नरसिंग ढोलीखाली तोंड उघडं ठेवून बसला. घुबडानं बराच वेळ विचार केला आणि उतरलं. पंख वाजले नाहीत. नरसिंगला फक्त छातीत गार वाटलं, माळ्यावर कुणी चढावं तसं.

सोमवारी त्यानं कालवणात मीठ कमी असल्याचं सांगितलं, तर आतून दुसऱ्या आवाजानं दुजोरा मिळाला. चांगुणानं पाठ वाजवली. पोकळ. ती रडायची थांबली आणि एक भाकरी जास्त टाकली.

मंगळवारी तिन्हीसांजेला घुबड शिकारीला म्हणून बाहेर पडलं आणि थेट म्हाताऱ्या सागात जाऊन बसलं. नरसिंग खाली तोंड वासून उभा. वरून दोन डोळे त्याच्याकडे बघत होते, जागा सोडलेला भाडेकरू जुन्या मालकाकडे बघतो तसे. चांगुणा धावत आली, तिनं पाठ वाजवली. भरीव. घरी न्यायला हात ओढला, तर त्याचे पाय घोट्यापर्यंत मातीत उतरले होते.

बुधवारी कुऱ्हाडी तीनशे चारवर आल्या तेव्हा नरसिंगनं उभ्याउभ्या अर्ज लिहिला आणि जळबाच्या हाती मिळेल त्या एस.टी.नं हिंगोलीला धाडला:

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. अर्जदार दोन दिवस पोकळ होता, आता नाही. यात अर्जदाराचा दोष नाही. तरी तोड तीनशे बाराला पोचण्यापूर्वी खात्यामार्फत एक घुबड, कायम राहणारे, मंजूर व्हावे. तोपर्यंत अर्जदार तोंड उघडे ठेवून आहे."