तळ्याचं बियाणं

उत्तमरावांनी विहिरीच्या कठड्यावर पालथं पडून हात खाली सोडला आणि बोटं पाण्याला लागली. दिवाळी होऊन गेली होती. एरवी या दिवसांत पाणी दिसायचं तर डोळे बारीक करून खोल बघावं लागे. यंदा हात मनगटापर्यंत बुडला. बायकोला हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. बांधावरून मिना येत होती, डोक्यावर घमेलं घेऊन.

मिना भोयाची. गावतळ्यात शिंगाडा लावायचा आणि कळमनुरीच्या बाजारात उकडून विकायचा, हे तिच्या सासूचं काम, सासूच्या सासूचंही. नवरा गेल्यापासून तिचं घर त्या पाण्यावरच चाललं होतं. उत्तमराव उठले आणि विहिरीकडे पाठ करून उभे राहिले. एवढी मोठी विहीर एका माणसाच्या पाठीआड लपते म्हणे!

"उत्तमभाऊ, तळं पार बसलं बघा," मिना म्हणाली. "वेल चिखलावर लोळून राह्यले. एकच तोडा निघाला."

"पाऊसच कमी झाला, बाई."

पाऊस काही कमी झाला नव्हता. पोळ्याच्या सुमाराला तळं सांडव्यावरून वाहिलं होतं, आणि तो सांडवा बघायला दोघंही तिथे उभी होती.

उन्हाळ्यात गावानं तळ्यातला गाळ काढला होता. सरपंच शिवकन्येनं हौसेनं नारळ फोडला, तळं वाचवायची शपथ घेतली. गाळ ज्यानं त्यानं आपल्या वावरात न्यायचा असं ठरलं. हळदीला तो काळा गाळ म्हणजे सोनंच, मग कोण मागे राहतो? वरचा गाळ संपला आणि खाली घट्ट चिकणमाती लागली. शिवकन्या म्हणाली, "आता बास." तेव्हा उत्तमरावच पुढे झाले होते. "अजून एक थर जाऊ द्या. आपल्या मिनाच्या शिंगाड्याला खोल पाणी राहील." मिनाला भरून आलं होतं. बोलणं खोटं नव्हतं. पण त्या चिकणमातीच्या बहुतेक ट्रॉल्या त्यांच्याच वावरात रिकाम्या झाल्या, हेही खोटं नव्हतं.

तळाला पाणी पिऊन टाकणारा पांढरा मुरूम उघडा पडला तेव्हा लोक म्हणाले, वा, तळं कसं लख्ख झालं! अरे, लख्ख कसलं? तळं काय जेवायचं ताट आहे, घासूनपुसून पालथं घालायला? पाझर तलावाचं काम झिरपायचं, खालच्या विहिरी भरायच्या. गावतळ्याचं काम पाणी धरून ठेवायचं, गुरांसाठी, मासळीसाठी, शिंगाड्यासाठी. तोंडानं दोन्हींना तलावच म्हणतात, पण दोन्हींचा धर्म वेगळा. शहाण्यासुरत्या गावानं एका उन्हाळ्यात गावतळ्याचा पाझर तलाव करून टाकला आणि वरून पेढे वाटले. आणि तळ्याच्या खाली पहिली विहीर कोणाची, तर उत्तमरावांची.

मिनानं घमेलं खाली ठेवून वरचं ओलं फडकं काढलं. आत पोत्यात काळेभोर, टणक शिंगाडे होते.

"बियाणं हाय. एवढंच हाती लागलं. वाळलं की मेलं. दरसाल तळ्यातच खुंट्याला बांधून ठिवायची."

"मग?"

"तुमच्या हिरीत ठिवू द्या. पुढच्या पावसापर्यंत."

"हिरीत कशाला? घरी टाक्यात..."

"टाक्यात सारखं पाणी बदलावं लागते, भाऊ." ती त्यांच्या खांद्यावरून विहिरीकडे बघत होती. "आन् हे पाणी त्याच्या वळखीचं हाय."

हिनं शिव्या घातल्या असत्या, कडाकडा बोटं मोडली असती, तर बरं झालं असतं, असं उत्तमरावांना वाटलं.

हळदीतून त्यांची बायको पार्वतीबाई खुरपं घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. "ठेव की, माय. त्यात इचारायचं काय?" असं म्हणत त्यांनी पोत्याला दोर बांधला, दुसरं टोक कठड्याच्या कडीत अडकवलं आणि पोतं पाण्यात सोडलं.

"पोतं उघडं पडू देऊ नका, भाऊ," एवढंच म्हणून मिना गेली. घमेलं तिथेच विसरली.

थोड्या वेळानं लाईन आली. उत्तमरावांनी मोटार चालू केली. हळदीच्या सऱ्यांतून पाणी धावायला लागलं. परत येऊन बघतात तर पाणी उतरलेलं आणि पोतं हवेत लोंबकळत ठिबकत होतं. त्यांनी दोर सैल केला. पाणी आणखी उतरलं. त्यांनी आणखी सैल केला.

"दोर कुठवर लांबवता?" पार्वतीबाईंनी मागून विचारलं.

त्यांनी जाऊन मोटार बंद केली. मग वावराकडे बघितलं. कमरेएवढी हळद, गर्द हिरवी. अशी हळद त्यांच्या वावरात कधी झाली नव्हती.

"धुऱ्यावर चिकणमातीचा ढीग उरलाय न? तेवढ्यात भागंल का?" त्यांनी विचारलं.

"काय भागायचं?"

"तळ्याचा तळ लिंपायचा. वरून गावातल्या म्हशी घालू तुडवायला."

पार्वतीबाईंनी बांधावरच्या ढिगाकडे पाहिलं, मग हळदीकडे. "न्हाई भागायचं," त्या हळूच म्हणाल्या.

ते त्यांनाही ठाऊक होतं. बाकीची चिकणमाती हळदीखाली होती. कंद अजून भरले नव्हते. वसमतच्या बाजारात असल्या मालाकडे कोणी ढुंकूनही बघितलं नसतं. उत्तमरावांनी धोतर खोचलं, पहिल्या सरीतलं पहिलं झाड बुडाशी धरलं आणि उपटलं. कंद करंगळीएवढे होते. मुळांना धरून आलेली काळी चिकणमाती त्यांनी बोटांनी खरवडून मिनाच्या घमेल्यात टाकली.

पार्वतीबाई खुरपं घेऊन दुसऱ्या सरीत बसल्या.