मोडीतलं ताट

अक्काचा राग नाकावर असतो, असं सगळी गल्ली म्हणायची. अक्काचं म्हणणं वेगळं. राग नाकावर नाही, हातात असतो, आणि हातात हातोडी असल्यामुळे तो पितळेवर निघतो. म्हणून माणसं वाचतात. ते खरंच होतं. वडील गेल्यावर त्या घरात पितळेची ताटं ठोकणारं तिच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं. धाकट्या भावाला हातोडीचा आवाज लहानपणापासून सोसायचा नाही. तो पुढे दुकानात गोड बोलायचा, ही मागच्या खोलीत ठोकायची, आणि घर चालायचं.

ती डावखुरी. बाजारात तिचं नावच डावरी पडलं होतं. ताट मठारताना, म्हणजे हातोडीने ठोकून घडवताना, मधल्या ठिपक्यापासून काठापर्यंत ठोक्यांची वेटोळी जातात. इतरांची ज्या बाजूने फिरतात, तिची बरोबर उलटी फिरायची. वडिलांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कपाळाला हात लावला आणि नंतर मात्र गिऱ्हाइकाला तेच ताट आधी दाखवू लागले.

यंदा एका मोठ्या कार्यालयाने आपल्या माणसांना भेट म्हणून ताट-वाटीचे संच द्यायचं ठरवलं. हातानेच घडवलेले हवेत, अशी अट. धाकटा ही बातमी घेऊन मागच्या खोलीत असा ओरडत घुसला की अक्काने दचकून मान वळवली आणि हातोडी तिरपी पडली. ताटाच्या काठाजवळ नखाएवढी कोर उमटली. अक्काने भावाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला (त्या तिच्याही होत्या, पण रागात कोण बघतो) आणि ताट मोडीच्या ढिगावर भिरकावलं. वडिलांपासूनचा नियम होता: तिरपा ठोका बसलेलं ताट विकायचं नाही, त्यात जेवायचंही नाही. ते पुन्हा भट्टीत जायचं.

"एवढी ताटं मला जन्मात व्हायची नाहीत," ती म्हणाली.

"तू नको ठोकूस गं. मी बाहेरच्या कारागिरांकडून करून घेतो. तू फक्त वाटपाच्या समारंभाला ये आणि पहिलं ताट त्यांच्या मोठ्या बाईंच्या हातात दे."

सख्खा भाऊ बोलत होता. तिने मान डोलावली.

समारंभाच्या दिवशी दुपारी दुकानात खोक्यांची चळत लागली होती. बाहेरच्यांचा हात कसा आहे बघावा, म्हणून अक्काने एक खोकं उघडलं. वेटोळी उलट्या बाजूने फिरत होती. क्षणभर तिला आनंदच झाला. आणखी एक डावरा कारागीर आहे म्हणायचा! मग तिची नजर काठाजवळ गेली.

नखाएवढी कोर.

तिने दुसरं खोकं फोडलं. तीच कोर, त्याच जागी. तिसरं, चौथं. शेवटी तिने खोकी उघडणं थांबवलं. प्रत्येक खोक्यात एक गुळगुळीत कार्ड होतं. त्यावर तिच्या डाव्या हाताचा फोटो आणि खाली छापलेलं: 'डावरीच्या हातचं. एकेक ठोका मनापासून.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते तिला त्या दिवशी कळलं.

"साचा बनवलास? माझ्या ताटावरून? यंत्रात दाबून काढलीस ही सगळी?"

धाकट्याने आधी दुकानाचं दार लोटून घेतलं. "हळू बोल. ठोके तुझेच आहेत ना? मग खोटं काय त्यात?"

"मोडीतलं उचललंस!"

"चांगलं उचललं असतं तर तुला कळलं असतं. तू चांगली ताटं डोळ्यांत तेल घालून सांभाळतेस. मोडीतलं एक गेलं तर कोण विचारतंय, म्हटलं." त्याने एक ताट उजेडात धरून इकडून तिकडे फिरवलं. "आणि चूक आहे तरी कुठे? मला दिसत नाही बुवा."

त्याला खरोखरच दिसत नव्हती. जन्म त्या दुकानात गेला होता त्याचा. अक्काला फसवणुकीपेक्षा ह्याचाच संताप जास्त आला.

"अक्का, हे परत गेलं तर दुकान बसेल," तो म्हणाला. "माझं एकट्याचं नाही. तुझी मागची खोलीही जाईल. विचार कर."

तिने विचार केला. तोंड धुतलं, चांगले कपडे घातले आणि त्याच्याबरोबर गाडीत बसली. राग उतरला, असं समजून धाकटा वाटभर शीळ घालत होता.

सभागृह भरलेलं होतं. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक खोकं. मोठ्या बाईंनी अक्काच्या हातून ताट घेतलं, बोटांनी चाचपलं आणि त्या मनापासून हरखल्या. "सुंदर! आणि ही इथे बारीकशी खूण आहे, ती मला सगळ्यात आवडली. हातकामाची हीच तर गंमत. असं ताट जगात दुसरं नसणार."

टाळ्या पडल्या. धाकटा सगळ्यांत जोरात वाजवत होता.

अक्का ध्वनिक्षेपकाजवळ गेली. तिला असल्या यंत्राची सवय नव्हती, त्यामुळे ती नेहमीसारखी मोठ्याने बोलली आणि सभागृह दणाणलं.

"सगळ्यांनी आपापलं ताट बाहेर काढा. काठाजवळ बघा. बाईंच्या ताटावरची खूण तुमच्याही ताटावर आहे का?"

खोकी उघडल्याचा आवाज झाला. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या ताटाला ताट लावून पाहिलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. मागून "अरे, माझ्यावर पण!" असे आवाज येऊ लागले.

"ही ताटं यंत्राची आहेत," अक्का म्हणाली. "माझी आहे ती फक्त चूक. हे ताट मी मोडीत टाकलं होतं. कार्डावर नाव माझं आहे, म्हणून सांगायला आले."

तिने बाईंच्या हातातलं ताट घेतलं, काखेत मारलं आणि ती पायऱ्या उतरली. धाकटा धावत दारापाशी आला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"बुडवलंस आपल्याला! नखाएवढ्या खुणेपायी? कुणाला दिसणार होती ती?"

"मला," अक्का म्हणाली.