पहाटेची वेळ

नितेशची तेरवी आटोपली आणि चार-दोन दिवसांनी त्याचे वडील वामनराव आणि आई पार्वताबाई त्याचं सामान न्यायला अमरावतीला आले. राजापेठेत, ट्यूशन क्लासच्या वरच्या मजल्यावर, नितेश आणि बार्शीटाकळीचा संघपाल एकाच खोलीत राहायचे. संघपालनं अंथरूण बांधून ठेवलं होतं, कपडे घड्या करून पिशवीत भरले होते. लॅपटॉप मात्र टेबलावर तसाच होता. त्याला हात लावायचा त्याचा धीर झाला नव्हता.

नितेश डेंग्यूनं गेला. ताप आला, अंगावर काढला, आणि दवाखान्यात नेईस्तोवर फार उशीर झाला होता. त्याआधी वर्षभर बापलेकांत बोलणं नव्हतं. पुण्याची चांगली नोकरी सोडून पोरगा परत आला आणि संत्राबागायतदारांसाठी वेबसाइट बनवतो म्हणाला, तेव्हा वामनराव चिडले ते चिडलेच. बागायतदारानं घरबसल्या बागेची माहिती टाकायची आणि दूरदूरच्या व्यापाऱ्यांनी ती पाहून भाव सांगायचा, असं ते काम होतं. संघपाल त्यात सोबतीला होता. साइटची पानं, रंग, बटणं त्याच्याकडे आणि आतली सगळी माहिती सांभाळणं नितेशकडे.

पाणी पिऊन झाल्यावर वामनराव म्हणाले, "तो काय करे, ते मले दाखव बरं. लोकं विचारतात. मले सांगताच येत नाई."

"काकाजी, साइट अजून इंटरनेटवर गेली नाही. फक्त याच लॅपटॉपमंदी चालते."

"असू दे. याच्यात तं याच्यात."

संघपालनं लॅपटॉप सुरू केला. साइटचं पहिलं पान उघडलं. आत जायला मात्र नाव आणि पासवर्ड हवा होता, आणि खातं एकट्या नितेशचंच होतं. पासवर्ड बदलणं संघपालला अवघड नव्हतं. पण त्या खात्यातून आत गेलं की नितेश शेवटचा कधी आला होता ती नोंद पुसली जाऊन तिथं आजची वेळ बसणार होती. त्याचं बोट थांबलं. मग त्यानं साइट बाजूला ठेवली आणि खालचा डेटाबेसच थेट उघडला.

"साइटवर जे जे दिसते, ते सगळं इथं साठते, काकाजी. एका ओळीत एक माणूस."

वरच्या काही ओळी नुसत्या 'कखग', 'टेस्ट', 'टेस्ट परत' अशा होत्या. त्याखाली नितेशनं अख्खं गाव भरलं होतं. खुशालराव, तानुबाई, जयवंता. पार्वताबाई पुढे सरकल्या. एकेक नाव ओळखीचं लागत होतं आणि त्या मान हलवत होत्या.

"हे तं माहं नाव," वामनराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला. "शेंदूरजनाघाट. मृग बहार. झाडं चारशे." ते थांबले. "बाग तं आपण तोडली. विहीर आटली, त्याच साली."

"ही चाचणीची माहिती असते. मनानं भरलेली. साइट सुरू करताना पुसून टाकायची."

"झाडं तोडली त्या दिवशी म्या त्याले मामाच्या घरी धाडलं होतं. पोरानं पाहू नये म्हणून." वामनराव त्या ओळीकडे बघत राहिले. "पुसशील मंग. पण आज नोको."

खालून क्लासमधल्या पोरांचा गलका येत होता. मग पार्वताबाईंनी हळूच विचारलं, "अन् त्याचं नाव कुठं हाय?"

संघपालनं डेटाबेसमधला दुसरा तक्ता उघडला, खात्यांचा. त्यात एकच ओळ होती, नितेशची. तिच्या टोकाला शेवटच्या भेटीची तारीख आणि वेळ. वामनरावांनी ती बोट ठेवून वाचली आणि बायकोकडे वळले.

"पाह्य. पहाटेच्या पावणेपाचले बसला होता हा कामाले."

ती वेळ पहाटेची नव्हती. डेटाबेस परदेशी घड्याळाप्रमाणे वेळ लिहितो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. खरे सव्वादहा वाजले होते. नितेश नुकताच उठून, पोह्याची प्लेट मांडीवर घेऊन बसला होता, आणि संघपाल त्याला आळशी म्हणून चिडवत होता. हे सांगायला संघपालनं तोंड उघडलंही.

"पहाटे उठून काम करे पोरगा," वामनराव म्हणाले, "अन् म्या त्याले चार लोकाईत आयतखाऊ म्हटलं." तेरवीपर्यंत ज्यांच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं ते वामनराव टेबलावर डोकं ठेवून लेकरासारखे रडले. पार्वताबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. संघपालनं लॅपटॉप हळूच मिटला.

निघताना वामनरावांनी अंथरूण घेतलं, पिशवी घेतली, आणि लॅपटॉप संघपालच्या हातात दिला. "हे तुह्यापाशीच राहू दे. जमलं तं पुरं कर."

बसस्टँडवर वामनराव गावाकडं जाणारी वरूडची गाडी विचारायला गेले, तशा पार्वताबाई संघपालच्या जवळ आल्या.

"तो पहाटे उठनारा नोता, बापू. तोंडावर पाणी शिपडल्याबिगर कधी उठला नाई. तुमचं घड्याळ चुकलं असन काय?"

संघपालनं खरं ते सांगितलं.

"मले वाटलंच होतं. पण यांले नोको सांगू." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "वर्षभरानं पहिल्यांदा पोराले चांगलं म्हणले ते. तेवढं राहू दे त्यायच्यापाशी."

वामनराव परत आले, गाडी लागली, दोघं चढले. पार्वताबाई खिडकीतून काहीतरी म्हणाल्या, पण गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही.

संघपालनं हिवाळाभर खटपट केली. नितेशनं लिहिलेलं त्याला अर्धं कळायचं, अर्धं नाही. विचारायला आता नितेश नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला अकोल्यात नोकरी लागली आणि राजापेठेची खोली सुटली. साइट पूर्ण झाली नाही.

पहिल्यांदा वामनरावांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "झालं काय रे ते?"

"नाही ना, काकाजी. माह्याच्यानं एकट्यानं होऊन नाही राहिलं."

"बरं." मग म्हणाले, "जेवला काय?"

त्यानंतर त्यांनी साइटचं कधी विचारलं नाही. फोन मात्र दर रविवारी येतो.